चाळिशीनंतरचं इंग्रजी: सांगलीतल्या वर्गातून

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं मी सांगलीत मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. वर्ग म्हणजे गणपती पेठेच्या मागच्या बाजूला माहेरच्या घराचा वरचा मजला, एक फळा आणि वीस खुर्च्या. सकाळी साडेसहाला मार्केट यार्डातली मंडळी येतात, कारण एकदा सौदे सुरू झाले की त्यांना डोकं वर काढता येत नाही. दुपारी अडीचला बायका येतात, घरचं आवरून. रविवारी मिरजेच्या दवाखान्यांतल्या सिस्टर असतात. पावसाळ्यात तासगावकडचे बागायतदार. सगळ्यात मोठे विद्यार्थी सदुसष्ट वर्षांचे होते.

लिहायचं कारण असं, की मागच्या आठवड्यात एक बाई पहिल्या दिवशी आत न येता दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मला इंग्रजीतलं ओ की ठो येत नाही. माझ्या डोक्यात शिरणार नाही, आधीच सांगते." हे वाक्य मला प्रत्येक बॅचला ऐकायला मिळतं आणि दर वेळी वाईट वाटतं. घर, शेती, दुकान, आजारपणं, बँकेची कर्जं सगळं निभावलेली माणसं स्वतःला मठ्ठ समजतात, ते फक्त या एका भाषेपायी.

म्हणून पहिल्या तासाला मी काही शिकवत नाही. खडू त्यांच्या हातात देते आणि सांगते, आज सकाळी उठल्यापासून तोंडात आलेले इंग्रजी शब्द फळ्यावर लिहा. मराठीत लिहा. गॅस, कुकर, मिक्सर, चार्जिंग, टेन्शन, लेट, प्रेशर, शुगर, रिचार्ज, ड्युटी, सिरीयल. फळा भरतो, मग पुसून पुन्हा भरतो. दारात थांबलेल्या त्या बाईंनी एकटीनं चौतीस शब्द लिहिले. बागायतदारांचा फळा तर बघण्यासारखा असतो: डिपिंग, थिनिंग, गर्डलिंग, सबकेन, रूटस्टॉक, ब्रिक्स, डाऊनी, रेसिड्यू, कंटेनर. यातले निम्मे शब्द इंग्रजीच्या प्राध्यापकाला सुद्धा अडतील. तुम्ही शून्यावर नाही, हे त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसतं तेव्हा खुर्चीत बसण्याची पद्धतच बदलते.

या शब्दांची थोडी डागडुजी मात्र करावी लागते. आपल्याकडं टोमॅटोच्या क्रेटला कॅरेट म्हणतात. पेशंट सिरियस आहे, यातला सिरियस तिकडं क्रिटिकल होतो. "मी २००५ ला पास आऊट झाले" असं एका सिस्टरनं परदेशी डॉक्टरला सांगितलं तर तो ऐकेल, की ही २००५ साली बेशुद्ध पडली होती.

आता मुख्य गोष्ट. माझं ठाम मत आहे, की मोठ्या माणसाला इंग्रजी मराठीतून शिकवावं आणि शिकवणाऱ्याला मराठी कशी चालते हे नीट माहीत असावं. वर्गात मराठी बंद, असे फलक लावणारे क्लास मी पाहिलेत. मूल नव्या भाषेत कोरं शिरतं. चाळीस वर्षांचा माणूस चाळीस वर्षांची मराठी घेऊन येतो, ती दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवता येत नाही. त्याच्या चुकासुद्धा मराठीतूनच येतात, म्हणून त्या आधीच ओळखता येतात.

एक उदाहरण देते. "आय ॲम नोइंग", "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स", "आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग" ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. आपण बोलताना सारखं करतोय, जातोय, चाललंय म्हणतो, त्या सवयीनं जिथंतिथं इंग लागतो. कुठल्या क्रियापदाला इंग लागत नाही याची यादी पाठ करायला दिली, तर पुढच्या सोमवारी सगळे विसरलेले असतात. वर्षानुवर्षं धडपडून मला एक खूण सापडली. मराठीत जे वाक्य "मला"नं सुरू होतं, तिथं इंग्रजीत बहुतेक वेळा इंग लावायचा नाही. मला माहितीय, मला आवडतं, मला वाटतं, मला समजतं, मला आठवतं, मला पाहिजे, मला दिसतंय, मला दोन भाऊ आहेत. आय नो, आय लाइक, आय थिंक, आय अंडरस्टँड, आय रिमेंबर, आय वाँट, आय सी, आय हॅव. आणि "मी"नं सुरू होऊन काम आत्ता चाललेलं असलं की बिनधास्त लावा: मी जेवतोय, मी येतोय, मी थांबलोय. भूक आणि थंडी या खुणेत नीट बसत नाहीत, तिथं आय ॲम हंग्री, आय ॲम कोल्ड होतं, ते वेगळं सांगते. पण इंग न लावायची गोष्ट तिथंही खरीच राहते. हे सांगितलं त्या दिवशी यार्डातले एक दिवाणजी टेबलावर हात आपटून म्हणाले, "हे शाळेत का सांगितलं नाही कुणी?"

त्यांच्या शाळेचा विषय निघालाच आहे तर सांगते. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे आज जे पस्तिशीच्या पुढं आहेत, त्यांची ए बी सी डी पाचवीत सुरू झाली आणि दहावीला पास होण्यापुरती टिकली. कानावर इंग्रजी पडलंच नाही. पाच-सहा वर्षं ती भाषा डोळ्यांनी वाचली आणि हातानं उतरवली, तोंडानं कधी बोलली नाही.

दुसरी गोष्ट नम्रपणाची. आपल्याकडं प्लीजला रोजच्या वापरातला शब्दच नाही. कृपया हा शब्द पाटीवर असतो, "कृपया येथे थुंकू नये". घरात आपण "पाणी देता का जरा?" म्हणतो, मान क्रियापदात आणि त्या "जरा"त असतो. इंग्रजीत नेताना माणूस "गिव्ह मी वॉटर" म्हणतो, म्हणजे मराठीतला सगळा गोडवा गळून नुसता हुकूम उरतो. आमच्याकडची अत्यंत सुसंस्कृत, वडीलधारी माणसं इंग्रजीत उद्धट वाटतात ती यामुळं, आणि त्यांना ते कुणी सांगत नाही. म्हणून माझ्याकडं कुड यू आणि कुड आय हॅव दुसऱ्याच दिवशी येतं, अ‍ॅन आणि द या शब्दांच्या कितीतरी आधी.

तिसरं म्हणजे आकडे. हळदीच्या अडतीवर काम करणाऱ्याला सगळ्यात आधी आकडे लागतात. आपण एकोणऐंशी म्हणतो, म्हणजे ऐंशीला एक कमी, आणि तोंडातून सेव्हन्टी बाहेर यायच्या आधी एटी येतं. पावणेचार हजार, अडीचशे, सव्वा लाख यांना तिकडं शब्दच नाहीत, मोडून सांगावे लागतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, हे कॅलेंडरमागं लिहून चिकटवायला सांगते. थर्टीन आणि थर्टी तर फोनवर हमखास घोटाळा करतात. थर्टीनचा जोर शेवटी, थर्टीचा सुरुवातीला, एवढं एक साधलं तरी नुकसान वाचतं.

मला या धाग्यावर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी एखादी भाषा शिकलं असेल, कुठलीही, तर ती कशी शिकलात? आणि इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहून घेऊ द्यावीत का? मी पहिले तीन-चार आठवडे देते. माझ्या मैत्रिणी म्हणतात की हे चूक आहे.

रात्रपाळी

ताई, तुमचं लिखाण वाचून डोळे भरून आले. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलाय, सोळा वर्षं नोकरी झाली. पहिल्या नोकरीत (नाव नको) एका मोठ्या डॉक्टरांनी पेशंटच्या खाटेशी उभं राहून माझ्या इंग्रजीवरून मला बोल लावले होते. मला पेशंटचं सगळं माहीत होतं. रात्रभर मीच होते त्याच्याजवळ. सांगता आलं नाही. त्यानंतर दोन वर्षं राउंडला मी मागं उभी राहायचे.

मला मार्ग सापडला तो हँडओव्हरच्या, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्याला द्यायच्या साच्यातून. सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करावं. चार खण. प्रत्येक खणासाठी मी दोन-दोन वाक्यं घोटली आणि रोज नाव, आकडे, औषधं बदलून तीच म्हणायचे. महिन्याभरात भीती गेली. इंग्रजी सुधारलं म्हणण्यापेक्षा आता पुढं काय बोलायचं हे ठरलेलं होतं, त्यामुळं शब्द सापडायला लागले.

नंतर परदेशी जाणाऱ्या मैत्रिणींसाठी ओईटीची तयारी बघितली. ती परीक्षा आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीच असते, बोलण्याच्या भागात दोन प्रसंग देतात, समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि आपण सिस्टर. लिखाणात निबंध नसतो, एखादं रेफरलचं किंवा डिस्चार्जचं पत्र असतं. मला ते फार पटलं.

तुमच्या वर्गासाठी एक सुचवते. दुखण्याचे शब्द. पेशंट मराठीत किती बारकाईनं सांगतो! ठणकतंय, कळ येते, चमक भरली, आग होते, मुरडा येतो, मुंग्या येतात. आपण सगळ्याला पेन लिहून मोकळे होतो. ठणकणं म्हणजे थ्रॉबिंग, चमक म्हणजे शूटिंग पेन, आग म्हणजे बर्निंग, कळ आणि मुरड्याला क्रॅम्प, मुंग्या म्हणजे पिन्स अँड नीडल्स. डॉक्टरचं निदान या फरकावर ठरतं. रविवारच्या बॅचला हा एक पूर्ण तास द्या.

गलाईवाला

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. आमच्याकडची निम्मी पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, देशभर दुकानं. मी सोळाव्या वर्षी चुलत्याबरोबर केरळात आलो, त्रिशूरला. आता सत्तावन्न आहे.

मल्याळम कोण शिकवणार? पहिले आठ दिवस आकडे. मग एत्र म्हणजे किती, मति म्हणजे पुरे, वेंडा म्हणजे नको. एवढ्यावर महिना काढला. चुलते म्हणायचे, चुकलं तरी तोंड बंद ठेवायचं नाही, गिऱ्हाईक निघून जाईल. दुसऱ्या वर्षी मी भांडत होतो मल्याळममध्ये, चौथ्या वर्षी स्वप्नं पडायला लागली. आमच्यातले चेन्नईवाले तमिळ बोलतात, कोलकात्याचे बंगाली. सातवी-आठवी शिकलेली माणसं आहेत सगळी.

आणि इंग्रजी? ४१ वर्षांत जमलं नाही. तुमचा धागा वाचून पहिल्यांदा विचार केला की असं का. मल्याळम चुकलं तर इथली माणसं हसायची, पण कौतुकानं, की हा मराठी असून आपलं बोलतोय. इंग्रजी चुकलं तर आपलीच माणसं हसतात, आणि ते हसू वेगळं असतं. बँकेत, पोरांच्या शाळेत. म्हणून तोंड उघडलं नाही, म्हणून आलं नाही. बुद्धीचा संबंध नाही हे आज कळलं.

निवृत्त मास्तर, सातारा

धागा चांगला आहे, पण काही बाबतीत मतभेद नोंदवतो. मी साताऱ्यात एकतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. व्याकरण मागं ढकलण्याची ही जी लाट आली, तिनं नुकसानच केलं असं माझं मत आहे.

मोठा माणूस विचार करणारा असतो. त्याला "का" हवं असतं. तुम्ही स्वतःच "मला" आणि "मी"चा नियम दिलात, तो नियम म्हणजे व्याकरणच आहे. मग व्याकरणाला नावं कशाला ठेवायची? दिवाणजी टेबलावर हात आपटून आनंदले, कारण त्यांना नियम मिळाला. वाक्यं पाठ करून घेतलेला माणूस त्या वाक्याबाहेर पडला की अडकतो. प्रश्न विचारायची वेळ आली की "यू आर गोइंग व्हेअर?" म्हणतो, कारण मराठीत "तू कुठं चाललास?" म्हणताना शब्दांची जागा हलत नाही, नुसता एक शब्द घालायचा असतो. इंग्रजीत आर यू, डू यू, डिड यू अशी उलटापालट करावी लागते. हे कुणीतरी फळ्यावर मांडून, कारणासकट, पन्नास वेळा करून घेतल्याशिवाय येत नाही.

देवनागरीत लिहून घेण्याला माझा स्पष्ट विरोध. एकदा "वेन्सडे" असं लिहून सवय लागली की स्पेलिंग कधीच बसत नाही. अर्ज, ईमेल, फॉर्म कसे भरणार?

ध्वनिवेडा

मास्तर, आदर ठेवून थोडं वेगळं मांडतो. देवनागरीचा खरा तोटा मला स्पेलिंगपेक्षा दुसरीकडं दिसतो.

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वेळ आणि सारखं वजन देतो. इंग्रजीत एका शब्दात एक जागा वर उचललेली असते आणि बाकीचे स्वर विझत जातात. आपण "कम्-फ-र्टे-बल" म्हणतो, तिकडं "कम्फ्टबल" होतं. आपण "डेव्हलप" पहिल्या अक्षरावर रेटतो, जोर दुसऱ्यावर हवा. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या फोवर, फोटोग्राफीत तो दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि पहिला फो नुसता फ उरतो. देवनागरीत लिहिलं की सगळी अक्षरं एका शिरोरेघेखाली समान होऊन बसतात, जोर कुठं आहे ते दिसतच नाही.

उपाय सोपा आहे. लिहू द्या, पण जोराच्या अक्षराखाली रेघ मारायला लावा आणि म्हणताना तिथं टाळी. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना सम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आणखी एक. टीएच साठी जीभ दातात घालायला लावून क्लासवाले तासन्‌तास घालवतात. आपला थ आणि द असला तरी जगात कुणाचं काही अडत नाही. जेनिफर जेन्किन्स या अभ्यासक बाईंनी २००० साली हेच मांडलं: इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशी माणसं एकमेकांशी बोलतात, तेव्हा कशामुळं गैरसमज होतो हे त्यांनी तपासलं. टीएच त्यात महत्त्वाचा निघाला नाही. स्वरांची लांबी निघाली, वाक्यातल्या कुठल्या शब्दावर भर द्यायचा ते निघालं. आपल्याकडं शिप आणि शीप, फिल आणि फील एकसारखे होतात. ऱ्हस्व-दीर्घाकडं आपण मराठी बोलताना फारसं लक्ष देत नाही, लिहिताना तेवढं भांडतो. तिथं वेळ घालवा.

व्ही आणि डब्ल्यूचा फरक मात्र मराठी माणसाला लवकर जमतो असा माझा अनुभव आहे. व्हॅन आणि वॉच आपण लिहितानाच वेगळं लिहितो. झेडही आपल्याकडं अर्धा आहेच. "जरा" म्हणा, त्यातला ज लांबवा आणि जीभ दाताला टेकवू नका, झिरो नीट येईल. "जीवन"मधला ज घेतलात तर जिरो होईल.

द्राक्षवाला

मी या ताईंच्या पावसाळी बॅचला होतो, दोन वर्षांपूर्वी. एक गोष्ट त्यांनी लिहिली नाही, ती मी लिहितो. आमच्याबरोबर हळदीचे एक व्यापारी होते, कधीच बोलायचे नाहीत. नाव सांगायचं म्हटलं तरी घाम. एक दिवस ताई म्हणाल्या, काका, हरिपूरला पेवं होती म्हणतात, ते मला काही कळलं नाही, इंग्रजीत सांगा. आणि काका सुरू झाले. वी डिग पिट. व्हेरी डीप. सॉइल इज ड्राय. टर्मरिक इनसाइड. नो किडा. मेनी इयर्स. हातानं खड्डा दाखवत, झाकण दाखवत. किड्याला शब्द सापडला नाही म्हणून थांबले नाहीत. दहा मिनिटं बोलले. आम्ही सगळे गप्प. त्यांच्या आज्याचं पेव होतं तिथं. पुराच्या पाण्यानं गेलं.

नंतर त्याच दहा मिनिटांतली वाक्यं ताईंनी फळ्यावर घेतली आणि एकेक सरळ करून दिली. वी डिग चं वी डग कसं, पिटच्या आधी अ का. आम्हाला ते अ आणि द तेव्हा कळलं, कारण ते पेव आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. पहिल्यांदा अ पिट, मग तोच, म्हणजे द पिट.

बॅच पावसाळ्यात ठेवा ही विनंती आहेच. ऑक्टोबर छाटणी धरली की मार्च-एप्रिलपर्यंत आम्ही मेलो तरी येऊ शकत नाही.

बेदाणा

+१. वाचनखूण साठवली.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार.

मास्तर, तुमचा मुद्दा मला मान्य करायला हवा. मी व्याकरणाविरुद्ध लिहिल्यासारखं झालं, तसं मला म्हणायचं नव्हतं. व्याकरण हवंच. माझा आग्रह एवढाच, की ते माणसाला काही बोलायचं असल्यानंतर यावं, पेवाच्या वेळी आलं तसं. आणि प्रश्नवाक्यांच्या उलटापालटीबद्दल तुमचं अगदी खरं आहे. माझे विद्यार्थी उत्तरं छान देतात, प्रश्न विचारताना अडखळतात. मी त्यांना कायम उत्तरं देणारे करून ठेवलंय, हे तुमचा प्रतिसाद वाचताना जाणवलं. मोठ्या माणसाला तर प्रश्नच जास्त विचारावे लागतात, रेट काय, गाडी कधी, रिपोर्ट कुठं मिळेल. या सोमवारपासून निम्मा तास फक्त प्रश्न. मिरज जंक्शनचं वेळापत्रक छापून घेते, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं बघून सांगायचं.

रात्रपाळी ताई, दुखण्याच्या शब्दांचा तास नक्की घेते. तुम्ही येऊन घ्याल का? रविवारी अकरा वाजता. तुमच्याकडून ऐकलं तर त्या पोरींना धीर येईल.

गलाईवाला दादा, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

निवृत्त मास्तर, सातारा

वेळापत्रकावरून आठवलं. बंगळुरूला एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या शाळांमध्ये असाच प्रयोग केला होता. व्याकरणाचा धडा ठेवायचा नाही, रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, हिशेब अशी कामं द्यायची आणि ती इंग्रजीतून सोडवून घ्यायची. आम्ही तरुण शिक्षक असताना त्याची टिंगल करायचो. नंतर जगभर त्यावर चर्चा झाली. ती मुलं शाळकरी होती, प्रौढ नव्हती, एवढा फरक लक्षात ठेवावा. पण द्राक्षवाल्यांनी लिहिलेला पेवाचा प्रसंग वाचला आणि वाटलं, माझ्या एकतीस वर्षांत असा एक तास झाला असता तर बरं झालं असतं. सोमवारी कसं गेलं ते कळवा.

माणदेशी

ताई, एक मदत हवी होती. आई अठ्ठावन्न वर्षांची, आटपाडीकडची, सातवी शिकलेली. बहिणीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालीय, पाच आठवड्यांनी. एकटी जाणार, मुंबईहून, मध्ये एकदा विमान बदलायचंय. इंग्रजी वाचता येतं थोडं. फार घाबरलीय. एवढ्या दिवसांत काय शिकवू? मी पुण्यात असतो, रात्री फोनवर अर्धा तास देऊ शकतो.

कृष्णाकाठची

पाच आठवडे आणि रोजचा अर्धा तास, भरपूर आहे.

बोलण्यापेक्षा कान आधी तयार करा. विमानतळावरचा अधिकारी चार-पाचच गोष्टी विचारतो: कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठं, कुणाकडं, खायचं काय आणलंय. पण तो "व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट" असं सुटं सुटं म्हणणार नाही. "वॉट्स द पर्पस अव्‌ यर व्हिजिट" असं एका दमात येईल. तुम्ही तसंच भरभर विचारा, रोज क्रम बदलून. तिनं फक्त ओळखीचा शब्द पकडायचा. पर्पज आला की माय डॉटर इज हॅविंग अ बेबी. हाऊ लाँग आलं की सिक्स मंथ्स, किंवा जेवढं असेल तेवढं. व्हेअर आलं की पत्त्याचा कागद पुढं. (इथं हॅविंगला इंग लागला, आईनं विचारलं तर सांगा की बाळ होणं ही घडणारी गोष्ट आहे.) पूर्ण वाक्य नाही आलं तरी चालतं, हे तिला अनेकदा सांगा.

एक वाक्य मात्र झोपेतही यायला हवं: "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?" हे आलं की माणूस हरवत नाही. दुसरं, "कुड यू प्लीज हेल्प मी? आय नीड धिस गेट." तिकीट दाखवत म्हणायचं.

पाट्या वाचायचा सराव द्या: अरायव्हल्स, ट्रान्स्फर, बॅगेज क्लेम, गेट, रेस्टरूम. अमेरिकेत संडासाला रेस्टरूम म्हणतात हे बायकांना कुणी सांगत नाही, आणि विचारायला लाजून तासन्‌तास बसून राहतात. माझ्या दुपारच्या बॅचमधल्या दोघींचं तसं झालंय.

लोणचं, तूप, मेतकूट, डिंकाचे लाडू नेणार असेल तर यादी इंग्रजीत करून बॅगेत ठेवा, आणि विचारलं तर लपवायचं नाही, सरळ दाखवायचं. औषधांची नावं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत.

रात्रपाळी

मावशींना सांगा, बाळंतपणातले शब्द त्यांना येतातच: नॉर्मल, सिझर, टाके म्हणजे स्टिचेस, लस म्हणजे व्हॅक्सिन. दवाखान्यात त्यांना आज्जी म्हणून मान मिळेल. ताई, रविवारी येते मी.

माणदेशी

सगळ्यांचे आभार. कालपासून सुरू केलं. पहिल्या दिवशी रडली, आज "से दॅट अगेन स्लोली" म्हणून मलाच तीन वेळा थांबवलं. रेस्टरूमचं ऐकून म्हणाली, बरं झालं सांगितलंस.

एक शंका तिनं विचारायला सांगितलीय. जावयाला सन इन लॉ म्हणायचं हे तिला पटत नाही. म्हणते, कायद्यानं मुलगा म्हणजे काय, आमचा जावई आहे तो. अधिकाऱ्यानं कुणाच्या घरी राहणार विचारलं तर काय सांगायचं?

कृष्णाकाठची

"माय डॉटर अँड हर हजबंड" म्हणायला सांगा. तेही अगदी बरोबर इंग्रजी आहे, आणि अधिकाऱ्याला लगेच कळतं. आणि ती निघायच्या आदल्या रविवारी सांगलीवरून जाणार असेल तर वर्गात घेऊन या. मी सगळ्यांना ओळीनं अधिकारी करून बसवते, वीस जणांनी वेगवेगळ्या आवाजात विचारलं की मुंबईच्या आधीच तिची भीती निम्मी होईल.